पिवळी बरणी

गल्लीत तिला सगळे मासोळी म्हणायचे. नवा माणूस राहायला आला की त्यावरून हमखास घोटाळा व्हायचा. सकाळी कुणीतरी पिशवी घेऊन दारात उभं राही आणि विचारी, "ताई, आज ताजं काय आहे?" मग तिची सासू आतून ओरडायची, "ताजं सगळंच आहे, पण ते बघायचं, खायचं नाही!"

मासोळीचं काम लोकांचे फिश टँक सांभाळण्याचं होतं. काही टाक्या घरांत होत्या, काही दुकानांत, काही दवाखान्यांत. काच आतून घासायची, वाळूत बसलेली घाण नळीने ओढून काढायची, पंपाची जाळी धुवायची, पाणी बदलायचं, आणि एखादा मासा आजारी दिसला तर त्याला घरी आणून बरा करून परत पोचवायचा. या धंद्यातले बहुतेक लोक मासा पकडायला जाळी वापरतात. मासोळी हात वापरायची. कोपरापर्यंत हात पाण्यात सोडायचा, बोटं सैल ठेवायची आणि मासा स्वतःहून जवळ येईपर्यंत मुकाट थांबायचं. तो आला की तळहाताची वाटी करून त्याला पाण्यासकट वर उचलायचं.

"जाळीने माशाचं अंग सोलवटतं," ती म्हणायची. "हातातून नेलं तर त्याला पत्ताही लागत नाही."

"खरं आहे," तिचा नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कमी बोलायचा, पण बोलला की नेम चुकायचा नाही. "मलाही असंच आणलं. अजून पत्ता लागलेला नाही."

दातांच्या डॉक्टरांकडे एक मोठी टाकी होती. पेशंटचं लक्ष आतल्या मशीनच्या आवाजाकडे जाऊ नये म्हणून ती बाहेरच्या खोलीत ठेवलेली. तिच्यात एक दांडगा, तपकिरी, जाड ओठांचा मासा एकटाच राहायचा. काचेशी येऊन तो प्रत्येकाकडे असं रोखून बघायचा की मासोळीने त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं होतं. त्याच्या टाकीतला दगड हलवताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट सांध्यावर खरचटलं. थेंबभर रक्त आलं. तिने बोट तोंडात धरलं, ओढणीला पुसलं आणि हात परत पाण्यात घातला. खरचटलेलं भरलं, खपली पडली, ती विसरूनही गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याच सांध्यावर कातडीखाली एक गाठ आली. मसुरीच्या दाण्याएवढी. ठणका नाही, ताप नाही. न दुखणाऱ्या गोष्टीला कोण दवाखान्यात घेऊन जातो? मग दुसरी गाठ आली मनगटावर आणि तिसरी त्याच्याही वर, कोपराच्या वाटेवर. तिन्ही एका ओळीत.

"ही काय मुंग्यांची रांग लागलीय तुझ्या हाताला?" सासूने चष्मा कपाळावरून खाली ओढत विचारलं. "वर साखर ठेवलीय का कुठे?"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गाठी थोड्या बसल्या. बसल्या म्हटल्यावर तिने उरलेल्या गोळ्या खणात टाकल्या. पुढे गाठी परत आल्या, आणि पहिलीचा रंग जांभळट झाला.

आता इथे मासोळीच्या घरातला एक कोपरा नीट समजून घ्यायला हवा. स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत एक छोटी टाकी होती. घरात तिला आजारी टाकी म्हणत. वाळू नाही, झाडं नाहीत, नुसतं पाणी, एक हीटर आणि एक बुडबुडे सोडणारी नळी. बाहेरचा आजारी मासा तिच्यात ठेवायचा. एकदा आत गेलेला मासा औषध पुरं झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हा मासोळीचा नियम होता आणि त्यापायी तिने गिऱ्हाइकं तोडली होती. "अहो, छान पोहतोय की तो, द्या आता," असं कुणी म्हणालं की तिचं उत्तर ठरलेलं. "पोहतोय म्हणजे बरा झाला असं नाही. वरून बरा दिसतो, आत जंतू दबा धरून बसलेले असतात. अर्धवट सोडलं तर पुढच्या वेळी हेच औषध त्यांना चाटूनही जाणार नाही."

टाकीशेजारच्या फळीवर काचेची एक बरणी असायची, तिच्यात माशांचं जंतुनाशक औषध. पिवळीजर्द भुकटी. या धंद्यात ही भुकटी माणसंही घेतात. उघडपणे कुणी सांगत नाही, पण घेतात. मासे पुरवणारा घाऊक व्यापारी घसा बसला की चिमूट टाकायचा आणि वर सांगायचा, "मासा केवढासा जीव! त्याला सोसतं ते आपल्याला काय करणार?" मासोळीनेही तेच केलं. गाठ तटतटली की चमच्याच्या टोकावर भुकटी घ्यायची, पाण्यात ढवळायची, डोळे मिटून प्यायची. गाठ उतरली की बंद. पुन्हा फुगली की पुन्हा चमचा. माशाला जे तिने जन्मात करू दिलं नसतं, ते ती स्वतःच्या हाताला पुन्हा पुन्हा करत होती, आणि तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. टाकीचे नियम टाकीला.

मग एके दिवशी एका घरच्या टाकीतला बोटभर मासा उचलताना तळहाताची वाटी बंदच झाली नाही. मधलं बोट अर्ध्यात थांबलं. त्या फटीतून मासा घरंगळला आणि थेट फरशीवर पडला. तिने झडप घालून डाव्या हाताने त्याला परत पाण्यात सोडलं. मासा वाचला. मासोळी मात्र तिथेच खाली बसली, आणि उजव्या हाताची मूठ वळायचा प्रयत्न करत राहिली. चार बोटं यायची. मधलं यायचं नाही.

त्वचेच्या डॉक्टर वयाने तरुण होत्या. त्यांनी हाताकडे बघायच्या आधीच विचारलं, "ताई, काम काय करता?"

"फिश टँक साफ करते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हात हातात घेऊन गाठींवरून बोट फिरवलं, खालून वर, एकेका गाठीवर थांबत. मधलं बोट वाकवून पाहिलं. मासोळीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझा एका जंतूवर संशय आहे," त्या म्हणाल्या. "तो माशांच्या पाण्यात राहतो. क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊबंद समजा, पण त्याला गारवा लागतो. शरीराच्या आतली ऊब त्याला मानवत नाही, म्हणून तो बोटांत, हातात, कातडीखाली ठाण मांडतो. पण अशीच रांग लावणारी एक बुरशीही असते, आणि तिचं औषध वेगळं. त्यामुळे अंदाजाने औषध देणार नाही. गाठीतला बारीकसा तुकडा काढून लॅबमध्ये पाठवते. तो थोड्या गार पेटीत ठेवायला सांगते. आत जे काही असेल ते वाढेल, मग आपल्याला कळेल कुणाशी गाठ आहे." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "काही औषध चालू आहे?"

"नाही," मासोळी म्हणाली. तिच्या लेखी ती खोटं बोलली नव्हती. बरणीतलं औषध माशांचं होतं.

हाताच्या सर्जननेही बोट पाहिलं. सूज बोट वाकवणाऱ्या आतल्या दोरीच्या, म्हणजे कंडरेच्या, नळीत उतरत होती. ती अशीच वाढली तर बोट उघडून आतून साफ करावं लागेल आणि मग ते किती वळेल याची खात्री नाही, असं त्याने सरळ सांगितलं. ऑपरेशनची तारीखही लिहून दिली. लॅबचं उत्तर त्याआधी आलं तर बघू, म्हणाला.

लॅबचं उत्तर आलं. काहीच वाढलं नव्हतं.

त्या दिवशी सासू सोबत होती. ती दवाखान्यात कधी येत नसे. "तिथे गेलं की मलाच काहीतरी निघतं," असं तिचं म्हणणं होतं. पण सुनेचं बोट पाहून आली होती. डॉक्टरांनी कागद उलटसुलट केला.

"असं व्हायला नको होतं. ताई, नीट आठवा. गोळी, इंजेक्शन, कुणी दिलेलं काही, गेल्या महिन्यात पोटात काही गेलंय?"

मासोळीने उजवा हात ओढणीखाली घेतला. आता तिला कळलं होतं. भुकटीने जंतू मेले नव्हते, पण तुकडा काढला तेव्हा ते गप्प पडून होते. आजारी टाकीत भुकटी टाकली आणि मग त्याच पाण्यात जंतू शोधले तर सापडतील का? याचं उत्तर तिला झोपेतही देता आलं असतं. गिऱ्हाइकांना नियम शिकवणारी बाई आपण, आणि इथे बसून काय सांगायचं?

"गोळी काही घेत नाही," ती म्हणाली.

"गोळी नाही घेत, डॉक्टरबाई," सासू म्हणाली. "चमचा घेते."



"आई!"

"आई काय? मला काय दिसत नाही? माझा चहाचा चमचा पिवळा झालाय. घासून घासून बोटं झिजली माझी. आधी म्हटलं हळद असेल. मग एकदा हिची जीभ पाहिली." सासू डॉक्टरांकडे वळली. "माशांचं औषध पिते ही. माझ्या घरात मासे माणसांसारखे राहतात आणि माणसं माशांसारखी."

डॉक्टर हसल्या नाहीत. "केव्हापासून?"

मासोळीने मान खाली घातली. "मधून मधून. सुजलं की."

"आणि उतरलं की बंद?"

तिने मान डोलावली.

डॉक्टरांचा आवाज चढला नाही, उलट आणखी बारीक झाला, आणि ते जास्त लागलं. "त्या भुकटीत किती काय आहे, तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. जंतूला तुम्ही मारलं नाहीत, त्याला सराव दिलात. आता ऐका. सगळं बंद. चिमूट नाही, कण नाही. अंगातला अंश जाऊ दे, मग मी पुन्हा तुकडा घेईन. मधल्या काळात गाठ वाढेल. बोट जास्त धरेल. तुम्हाला वाटेल, एक चमचा घेतला तर काय बिघडतं? तो एक चमचा घेतलात तर दुसरी तपासणीही कोरी येईल. तिसरीला वेळ नाही. ऑपरेशनची तारीख थांबणार नाही."

बाहेर आल्यावर मासोळी जिन्यातच म्हणाली, "चारचौघांत माझं नाक कापलंत."

"नाक राहू दे बाजूला," सासू कठड्याला धरून उतरत म्हणाली. "आपल्याला बोटाचं बघायचंय."

त्या संध्याकाळी फळीवरची बरणी गायब झाली.

डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. औषध थांबलं आणि हात पेटल्यासारखा झाला. सांध्यावरची गाठ मऊ पडली, फुटली, पातळसं काहीतरी झिरपू लागलं. कोपराजवळ चौथी गाठ आली. मासोळी पट्टी बदलायची आणि गाठींची रांग वरच्या बाजूला कुठवर गेली ते बोटाने चाचपायची. हात पाण्यात घालायला बंदी होती. काम नवरा करायचा, सकाळी ड्युटीला जायच्या आधी, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून आणि जाळी घेऊन. संध्याकाळी येऊन तो तपशील द्यायचा.

"सोनाराच्या टाकीतले मासे मला बघून दगडामागे जातात."

"जाळी हळू घालता का?"

"लिफ्टसारखी घालतो. मजल्यामजल्याला थांबवत."

ती हसली नाही. रात्रभर हात उशीवर उंच ठेवून पडायची आणि दिवसा बाल्कनीत येरझाऱ्या घालायची. नजर परत परत रिकाम्या फळीवर जायची. एक चमचा. फक्त सूज उतरण्यापुरता. जंतू असे किती मरणार आहेत एका चमच्यात?

आणि नेमका त्याच वेळी हेडमास्तर आजारी पडला. नवऱ्याने त्याला बादलीतून आणून आजारी टाकीत सोडलं. परांच्या कडा फाटलेल्या, शेपटीला पांढरी साय धरलेली. तो तळाशी बसून राहिला, कुणाकडे रोखून बघेना.

"आई, बरणी द्या."

सासू भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "कशाला?"

"हेडमास्तरला हवंय औषध. बघा त्याच्याकडे."

"पाहिलं."

"मग द्या ना. मासा मरेल."

"माशाचं औषध मासा मागायला आला तर देईन. तुझ्या हातात नाही देणार."

मासोळीचा तोल सुटला. काय काय बोलली ती! सासूने त्या माशांना कधी हिंग लावून विचारलं नाही, आता राखणदार झालीय. लग्न झाल्यापासून या घरात आपल्या शब्दाला किंमत नाही. आपण चोर आहोत का? बोलता बोलता तिने उजवा हात ओट्यावर आपटला. वेदना थेट खांद्यापर्यंत गेली आणि ती तोंड दाबून खाली बसली.

सासूने भाजीची परात बाजूला सारली. "चोर कुणी म्हटलं? मला सांग खरं. बरणी हातात आली तर त्याला देशील तेवढंच, का दोघांना देशील?"

मासोळीला खरंच माहीत नव्हतं.

"बघ," सासू म्हणाली, आणि उठून आत गेली. बरणी कुठे होती ते मासोळीला कधीच कळलं नाही. आतल्या खोलीत ट्रंक सरकल्याचा आवाज आला, एवढंच. सासू बरणी छातीशी धरून बाल्कनीत आली. माशांचा तिला वास सोसत नसे. पदर नाकाला लावून ती टाकीसमोर उभी राहिली.

"सांग किती."

"चमच्याचं टोक. आधी वाटीत पाणी घ्या, त्यात विरघळू द्या. असं एकदम नका ओतू, त्याच्या तोंडावर जाईल. कडेने. हीटरकडून."

"हे काय हीटर?"

"ते नाही, ती बुडबुड्यांची नळी. हां, ते."

पिवळं पाणी टाकीत पसरलं. हेडमास्तर तळातून हळूच सरकला आणि काचेशी येऊन सासूकडे रोखून बघू लागला.

"बघतोय काय?" सासू त्याला म्हणाली. "मी काय फुकट आले नाही. औषध पुरं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. कळलं?"

तेव्हापासून औषध सासू घालायची आणि बरणी परत कुठेतरी जायची. मासोळी दाराशी उभी राहून सूचना द्यायची. दोन बायकांचं भांडण तसंच अर्धवट पडून राहिलं, कारण रोज टाकीपाशी बोलावंच लागायचं.

दुसऱ्यांदा तुकडा काढला तेव्हा डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "काही?"

"काही नाही," मासोळी म्हणाली आणि सासूकडे बोट दाखवलं. "यांना विचारा."

मग वाट बघणं आलं. जंतू फार सावकाश वाढणारा होता, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ऑपरेशनची तारीख कॅलेंडरवर पुढे सरकत नव्हती, ती तिथेच होती आणि दिवस तिच्याकडे सरकत होते. मधलं बोट आता बाहेरच्या बाजूला ताठ राहायचं, दाराच्या कडीसारखं. मासोळी डाव्या हाताने जेवायला शिकली. सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला, आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं वगैरे सांगायला. तिने ते सगळं "हो, हो" म्हणत ऐकलं आणि फोन ठेवल्यावर काय ऐकलं ते तिला आठवेना.

त्यानंतर पुन्हा फोन वाजला तेव्हा तिने तो सासूच्या हातात दिला.

"कोण? हां, डॉक्टरबाई. हां. हां." सासू ऐकत राहिली. चेहऱ्यावर काही उमटेना. मासोळीने तिचा पदर धरून हलवला. सासूने फोनवर हात ठेवला. "वाढलाय म्हणतात. तोच निघाला. पाण्यातलाच. आणि कोणतं औषध लागू पडतं तेही कळेल." मग फोनमध्ये, "हो, आनंदच झालाय. जंतू सापडला म्हणून आनंद होणारं आमचंच घर असेल."

औषधं दोन होती, एकत्र घ्यायची. एकटं औषध दिलं तर हा जंतू त्याला फसवायला शिकतो, डॉक्टर म्हणाल्या. कित्येक महिने घ्यायची, आणि गाठी दिसेनाशा झाल्यावरही पुढे चालू ठेवायची. सर्जनने तारीख पुढे ढकलली आणि महिन्याने पाहतो म्हणाला. एका गोळीने लघवी नारिंगी व्हायची. पहिल्याच दिवशी मासोळी घाबरून बाहेर आली. सासू म्हणाली, "आधी पिवळी होतीस, आता केशरी. तुझ्यापेक्षा टाकीतले मासे रंगाने साधे."

गोळ्यांनी पोट ढवळायचं, जेवण नकोसं व्हायचं. पण झिरपणं थांबलं. चौथी गाठ विरली, मग तिसरी. सर्जनने बोट दाबून पाहिलं, दोरीच्या नळीतली सूज ओसरतेय म्हणाला, आणि ऑपरेशन कॅलेंडरवरून खोडलं गेलं. मासोळीने डाव्या हातानेच त्यावर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

आणि मग तोच जुना दिवस उगवला. हात साफ दिसत होता. सांध्यावर एक काळपट डाग, बाकी काही नाही. सकाळची गोळी समोर होती आणि पोटात मळमळ होती. ती बराच वेळ गोळीकडे बघत बसली. बाल्कनीत हेडमास्तर शेपटी फडकावत फिरत होता; साय उलटून आल्याने त्याचंही औषध लांबलं होतं. त्याचा फाटका पर नवा आला होता. दातांच्या डॉक्टरांचा सकाळीच फोन येऊन गेला होता, आमचा मासा केव्हा देताय, पेशंट विचारतात, आणि तिने नेहमीचंच उत्तर दिलं होतं. तेच उत्तर अजून तिच्या कानात होतं.

सासू दारात उभी होती. मासोळीने गोळी घेतली, वर पाणी प्यायली आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढली.

"बघा. पिवळी नाही."

"आत ठेव ती," सासू म्हणाली. "कुणी बघेल."

पुढच्या तपासणीला त्वचेच्या डॉक्टरांनी तिला मूठ वळायला सांगितलं. बोटं एकेक करून आली. मधलं थोडं मागे राहिलं, तळहाताला टेकायच्या आधी थांबलं. डॉक्टरांनी हलकेच दाबून पाहिलं. यापुढे किती वळेल ते सांगता येणार नाही, पण गोळ्या अजून दोन महिने, आणि हातमोजे कायमचे, त्या म्हणाल्या. मासोळीने मूठ वर धरून डोळ्यांसमोर नेली आणि त्या फटीतून पलीकडे खिडकीकडे पाहिलं.

"किती राहिलीय फट?" सासूने विचारलं.

मासोळीने मूठ फिरवून नीट पाहिलं. "बोटभर मासा निसटेल," ती म्हणाली. "हेडमास्तर नाही निसटायचा."